कांचनाच्या पोत्यातला आपटा

शेजारची मुलगी फार्मसी कॉलेजात पीएचडीसाठी कांचनाची पानं तपासत होती. पाळी बिघडवणाऱ्या पीसीओडीवर ती लागू पडतात का, हे ती आधी उंदरिणींवर पाहत होती. पानं मी आंबागडच्या जंगलातून आणून द्यायचो. पहिलं पोतं चोख दिलं. दुसऱ्या वेळी गुडघे दुखत होते, म्हणून त्यात बांधावरच्या आपट्याची पानं मिसळली. दसऱ्याला आपट्याऐवजी कांचन चालतो, मग उलटं का चालू नये, असं वाटलं. वाळवून चुरल्यावर फरक दिसतही नव्हता.

पुढे ती म्हणाली, "आबाजी, पहिल्या पोत्यानं फरक पडला, दुसऱ्यानं काहीच नाही. काहून असं होऊन राहिलं?"

"मले काय ठाऊक?" मी म्हटलं. तिचा प्रबंध वर्षभर तिथेच अडला.

परवा मी तिला सगळं सांगितलं. ती रागावेल म्हणून मान खाली घातली होती. तिनं वही उघडली आणि म्हणाली, "आपटा किती होता?"

"निम्मा असंल."

"मोजला होता?"

"नाही."

"मग ते पोतं बाद. आता हेच माझ्या गाईड सरांसमोर सांगा. चला, चप्पल घाला."