हवेच्या भरवशावर

आज प्रताप नगरातून वरात गेली आणि फटाक्यांच्या जळलेल्या दारूचा वास घरात शिरला. मी खिडकी लावून घेतली.

तीस वर्षांपूर्वी बहिणीच्या लग्नात असाच वास होता. महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या दारात वरात आली आणि मामांनी लायसनच्या बंदुकीने आकाशात गोळी झाडली. आई घाबरून मला म्हणाली, "बंदूक ठेवायले सांग गा त्याले. गोळी कोणाच्या डोक्यावर पडली तं?"

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. वर्गातल्या गणितांत हवेचा विरोध शून्य धरायचो. त्या दुपारी मात्र हसून म्हणालो, "वर गेलेल्या गोळीचा जोर हवाच खाते, आई. पडली तरी टेंगूळच येईल."

आई निर्धास्त होऊन आत गेली. तेवढ्यात नाचणाऱ्यांचा धक्का लागून मामांचा हात कलला आणि दुसरी गोळी छपरांवरून तिरपी गेली. तिरप्या गोळीचा वेग बराच टिकतो, हे मला ठाऊक होतं. आईला तेवढंच सांगितलं नव्हतं.

तासाभराने कळलं, चार गल्ल्या पलीकडे गच्चीवर पापड वाळवणारी एक बाई जागीच गेली.

वीज का कडाडते, दूध का नासतं, आई सगळं मलाच विचारायची. त्यानंतर तिने मला कधीच काही विचारलं नाही.