देझो जिकडे पाहत होता

कोबान्या वस्तीतल्या त्या पडद्यांच्या कारखान्यात अरांका नेनीचं, म्हणजे अरांका मावशीचं, काम पाहणाऱ्याला वाटावं, बाई नुसत्या येरझाऱ्या घालताहेत. भिंतीएवढा पडदा, त्यामागे छोट्या छोट्या प्रोजेक्टरांच्या रांगा. ती पडद्यासमोरून चालायची, थांबायची, मागे जाऊन एखादा स्क्रू केसभर फिरवायची आणि पुन्हा चालायची. थ्री-डी चष्म्याशिवाय चित्र खरंखुरं उठून दिसायला हवं, तर प्रत्येक दिशेचा प्रकाश आपापल्या जागी पोचावा लागतो. चालता चालता चित्रातल्या माणसाच्या गालाआडून कान अलगद बाहेर यायला हवा. तो दचकून आला, की कुठलातरी प्रोजेक्टर चुकलेला.

तपासण्यासाठी ती नेहमी एकच चित्रण लावायची. त्यात तिचा नवरा देझो अक्रोड फोडत बसलेला होता. सुरुवातीच्या दिवसांत कारखान्याला कॅमेऱ्यांसमोर बसायला माणूस हवा होता, आणि देझोइतकं स्वस्थ बसणं अख्ख्या कोबान्यात कुणाला जमत नाही, असं सांगून तिनेच त्याला आणलं होतं. कमानीत मांडलेल्या कॅमेऱ्यांसमोर तो दोन अक्रोड मुठीत धरून एकमेकांवर दाबत होता. टरफलं खाली पडत होती. कमानीच्या शेवटच्या कॅमेऱ्याच्याही पलीकडे उभी राहून ती म्हणाली होती, "देझो, कचरा करू नकोस, झाडायचं मलाच आहे." त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं होतं. ती मात्र टरफलांकडे बघत होती.

हे तिच्या ध्यानात आलं ते तो गेल्यावर. पडद्यासमोर कुठेही उभं राहिलं तरी देझो आपल्याला टाळून बाजूला बघायचा. त्याची नजर जिथे भेटली असती, ती जागा चित्राच्या बाहेर होती. तिकडे एक पाऊल टाकलं, की पडदा काळा.

जुना पडदा सोमवारी उतरवायचं ठरलं. त्याचे दिवे आता कुणी बनवत नव्हतं, आणि त्याच्यासाठी टिपलेलं चित्रण नव्या पडद्याला चालत नव्हतं. शुक्रवारी दुपारी तिने कोलोशला, म्हणजे तिथल्या इंजिनिअरला, विचारलं, चित्र अजून थोडं बाजूने दिसेल का. तो जरा घुटमळला. प्रोजेक्टर वळवता येतील, म्हणाला, पण तिथे कॅमेराच नव्हता. तिथला चेहरा कॉम्प्युटर अंदाजाने भरेल.

"भरू दे," ती म्हणाली.

टोकाचे प्रोजेक्टर तिने स्वतः वळवले. मग हात पुसले, केस सारखे केले आणि त्या जागी जाऊन उभी राहिली. देझोने मान वळवली. सरळ तिच्याकडे पाहिलं. डोळे, नाक, मिशी, सगळं जागच्या जागी होतं. तिने पुन्हा लावायला सांगितलं, आणि मग आणखी एकदा.

"कोलोश, हा मला ओळखत नाही रे."

"नेनी, मी सुधारतो. रविवारीसुद्धा येऊन बसतो."

"नको. तू पुष्कळ केलंस. हा कुणाकडेही असंच बघेल. मी ओरडल्यावर माझा नवरा असा साळसूद नाही दिसायचा. आधी त्याची मिशी हलायची."

तिने प्रोजेक्टर पहिल्यासारखे लावले. मग तिने कोलोशला, जिथून पडदा काळा दिसायचा त्या कोपऱ्यात उभं राहायला सांगितलं.

"इथून मला काहीच दिसणार नाही, नेनी."

"तुला कुठे बघायचंय? नुसता उभा राहा. आणि हात खिशातून काढ."

ती पडद्याच्या मधोमध आली. देझो अक्रोड दाबत होता. त्याने मान वळवली, मिशीचं टोक किंचित हललं आणि तो पलीकडे पाहू लागला. तिथे कोलोश उभा होता, हात सरळ सोडून, शाळेत उभं केल्यासारखा.

चित्रण संपलं तशी सवयीने तिची नजर खाली गेली. झाडण्यासारखं काही नव्हतं.