देवाची मूठ

ये गं पोरी, पत्रातच का होईना, अशी जवळ बस. "काकू, बरी हायेस का" म्हणून चार ओळी खरडतीस, त्याला का पत्र म्हणायचं? मी बघ, शाळेचं तोंड न बघता पानंच्या पानं लिहिते. आज तुझ्या आईचं सांगायचंय. तिला मी हे कधीच बोलले न्हाय.

तेव्हा निजामाचं राज्य. तुझी आई धाकटी जाऊ होऊन घरात आली. गावच्या शाळेत पोरं उर्दू गिरवायची, पोरींना तेही नव्हतं. ही मात्र माहेरी मिशनच्या शाळेत मराठी शिकलेली. पहिल्याच रविवारी पाद्रीसाहेबांनी प्रार्थनाघरात बायबल वाचायला तिला उभं केलं. ज्या जमिनीवर ती उभी राहिली, ती चार वर्सं मी सारवत होते.

त्यात देवाच्या मुठीचं. सासूबाई रोजच्या दळणाला दोघींना सारखं माप घालायच्या. त्यातली एक मूठ ज्वारी आपापल्या गाडग्यात टाकायची आणि रविवारी गाडगं प्रार्थनेला न्यायचं, ही आमची रीत. तिचं गाडगं काठोकाठ, माझं अर्धं. सासूबाई तिला गुपचूप ज्यादा देतात, असंच मी धरून चालले. लई जळायचे, खोटं कशाला सांगू.

एका शनिवारी ती पाण्याला गेली, तशा तिच्या गाडग्यातल्या चार मुठी मी माझ्यात ओतल्या.

दुसऱ्या दिवशी वाचायला तीच. अध्याय नेमका जगातल्या त्या पहिल्या दोघा भावांचा. एकाचं अर्पण देवानं घेतलं, दुसऱ्याचं घेतलं न्हाय, त्याचं तोंड उतरलं. तिचं बोट ओळीवरनं सरकत होतं आणि मला वाटे, ते माझ्याकडंच येतंय.

गाडगी पोत्यात ओतताना एक म्हातारी तिला म्हणाली, "काय गं, या आठवड्याला देवाला उपाशी ठेवलंस व्हय?"

"माझी मूठच बारकी, आत्या," ती हसली.

सोमवारी जात्यावर आम्ही समोरासमोर बसलो. तिनं गाडग्यात एक मूठ टाकली, मग आणखी एक.

"दोन कशाला गं?"

"एक रीतीची, एक माझ्या भाकरीची. सकाळची भाकरी मी सोडलीय, अक्का. कुणाला सांगू नका."

माझा हात खुंट्यावर तसाच राहिला. तिच्या तोंडचा घास मी माझा म्हणून देवापुढं ओतला होता. लाज वाटली, पण त्याहून जास्त जळले. उपाशी राहायचंही हिलाच आधी सुचावं?

त्याच जळण्यापायी शिकले. शेजारी बसून तिच्या बोटाखालची अक्षरं उचलली. स्वतः वाचला तो पहिला अध्याय त्या भावांचाच. ऐकताना मला 'घेतलं न्हाय' एवढंच ऐकू आलं होतं. वाचल्यावर दिसलं, देव त्या रुसलेल्याशी बोलत बसलाय, नीट वाग, तुझंही घेईन म्हणतोय.

त्या चार मुठींचं देवाला मी कवाच सांगितलं. पण प्रभू म्हणतो, अर्पण तिथंच ठेव, आधी भावाशी मिटव. ते पान आलं की मी भराभर उलटते.

तुझ्या आईला आता दिसत न्हाय, असं कळवलंस. वाईट वाटलं. आणि मेलं मन, आता मी वाचणार नि ती ऐकणार म्हणून जरा सुखावलंही. ज्वारीच्या काढणीआधीच ये, तिला घेऊन ये. ते पान तिच्यासमोर वाचायचंय.