पोटावरचं दारं

दवाखान्यात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपले साठतच जातात. आमच्या भागात यष्टी नवी नवी सुरू झाली होती, तेव्हाची गोष्ट. मी जुन्नरला एका लहानशा दवाखान्यात कंपाउंडर होतो. पुण्याचे सर्जन पंधरवड्यानं येत. आतड्याचा खालचा भाग बिघडलेल्यांना ते पोटावर नवी वाट काढून देत. शौच तिथूनच, जन्मभर! त्यावर कापसाची घडी आणि वरून कापडी पट्टा. हे पेशंटला आधी पटवायचं काम माझ्याकडं.

सुरुवातीला मी चित्र काढून दाखवायचो. एक शेतकरी म्हणाला, "भाऊ, एवढं कशाला गिरगटताय? पाट फुडं तुंबलाय, तर तुमी आलीकडंच दारं मोडून पानी भाईर काढनार. इतकंच न्हवं?" तेव्हापासून चित्र बंद. मीही सगळ्यांना दारंच सांगायला लागलो.

*

नव्या वाटेवर धोतराची गाठ येऊ नये म्हणून पोटावर आधी जांभळ्या औषधानं खूण करायची. एकाला म्हटलं, "नेहमीसारखं बसून, वाकून बघा, कुठं टोचतंय." थोड्या वेळानं बघतो तर गडी गायब! मागच्या अंगणात खुरपं घेऊन गवत काढत बसलेला. दोन तासांनी आला. "खून दोन बोटं वर घ्या." सर्जन खूश झाले. अंगण साफ झालं ते वेगळंच.

*

पट्टे शिवायचे रहीमचाचा. एका म्हाताऱ्यानं ऑपरेशनची हाय खाल्लेली, कुणाशी बोलेना. माप घेता घेता चाचांनी विचारलं, "बाबा, तंबाखूला खिसा ठेवू का?"

म्हाताऱ्याला वाचा फुटली. "चुन्याच्या डबीला येगळा ठेवा!"

पुढं बिनखिशाचा पट्टा कुणी घेईचना.

*

निमगाव सावाचे कोंडिबा मात्र ऐकेनात, संमतीच्या कागदावर अंगठा देईनात. ऑपरेशन नाही केलं तर माणूस जाणार, हे त्यांना कळत होतं. "मेलो तर चार मान्सं खांदा देतील. आसं जगलो तर पंगतीला शेजारी कोन बसंल?" मला फार वाईट वाटलं. माणूस लाखातला होता.

शेवटी सर्जननी घोडेगावच्या एका जुन्या पेशंटला चिठ्ठी धाडली, येऊन चार शब्द सांगा म्हणून. ते यष्टीनं आले. त्यांना बघताच कोंडिबा खाटेवर उठून बसले. "व्याही! तुमी कशाला तरास घेतला?"

हे कोंडिबांच्या लेकीचे सासरे! आम्हाला काय ठाऊक?

व्याह्यांनी सदरा वर केला. खाली पट्टा.

"कवापास्नं?" कोंडिबांनी विचारलं.

"लग्नाच्या आदल्या वर्सापास्नं."

"म्हंजे पंगतीला माज्या शेजारी बसला व्हता, तवा बी?"

"व्हय की. बेतानं जेवलो, इतकंच."

"तरीच! लाडू वाढाया गेलं की हात आडवा! आमी समजलो, नवरदेवाचा बाप रुसला. रुसवा काढाया सायकल दिली की, राव!"

"मला बी कळंना, सायकल कशापायी देताय ते!"

कोंडिबांनी माझ्यापुढं अंगठा धरला. "लावा शाई. सायकलचं मंग बघू."