पेल्यातला पांढरा धागा

मी कोमेजलेल्या टोमॅटोच्या रोपाचं खोड कापून पाण्याच्या पेल्यात धरलं. त्यातून दुधासारखा धागा खाली उतरला. म्हणजे रोग मातीतला होता.

शेतकी अधिकारी म्हणून मी पेला रावसाहेबांना दाखवला. त्यांच्या जव्हारच्या बागेत महाराजांच्या मेजवानीसाठी लावलेली सगळी रोपं मेली होती आणि माळी जान्या खांबाला बांधलेला होता.

“याची चूक नाही,” मी म्हणालो.

“मग काय, मातीला फटके मारू?”

जान्या माझ्याकडे वळला. “सायेब, लावणीआधी मी बोललो व्हतो ना? नागलीला करतो तसा शेणापाल्याचा राब जाळून माती भाजू?”

तेव्हा “बंगल्यात शेण जाळतोस?” म्हणून हसलो होतो, तो मीच. आता मी पेल्यात बघत राहिलो. जान्याला दहा फटके बसले.

मित्रहो, तुम्ही बोलला असता?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळे वाफे राब जाळून भाजून घेतले. माळी नवा होता.