वडिलांनी लिहिलेलं मानपत्र

वडील वारले त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. शेजारच्या चाचींनी दोन घागरी दिल्या, त्यात त्यांना शेवटची आंघोळ घातली.

वडील शाळामास्तर. अक्षर चांगलं, म्हणून हर्सूलमधली मानपत्रं तेच लिहायचे. एकदा, तेव्हा देश चालवणारे एक नेते आमच्याकडं पाणीयोजनेचा नारळ फोडायला येणार होते. त्यांच्या पक्षाचा कार्यकर्ता म्हणाला, "गुरुजी, घरोघरी पाणी दिल्याबद्दल आभार माना."

"अहो, अजून पाइप तरी कुठंय?"

"काम झालंच समजा की! एवढा मोठा माणूस येतोय, रिकामं मानपत्र देता व्हय?"

वडिलांनी लिहून दिलं. त्या योजनेचे पाइप काही आले नाहीत; नळ आला तो फार पुढं, दुसऱ्याच योजनेतून.

पुढं त्या नेत्यांची सत्ता गेली आणि ते संस्था काढून जगभर गरिबांच्या पाण्यावर बोलत फिरू लागले. गेल्या वर्षी त्यांचं परदेशातलं भाषण मोबाइलवर पाहिलं. मागच्या पडद्यावर ते मानपत्र होतं, वडिलांच्या अक्षरातलं. "ही माझ्या लोकांची साक्ष," ते म्हणाले, आणि सभागृह टाळ्या वाजवत उठलं. मी मोबाइल वडिलांपुढं धरला.

वडिलांनी भाषण शेवटपर्यंत पाहिलं. मग नेत्यांच्या संस्थेला पत्र लिहिलं: मी खोटं लिहिलं होतं, ते कृपया काढून टाका. उत्तरात छापील आभारपत्र आलं, सोबत नेत्यांचा हसरा फोटो. वडिलांनी आणखी दोन पत्रं लिहिली. शेवटच्या आजारातही पोस्टमन येऊन गेला का, हेच विचारायचे.

मानपत्र त्या संस्थेच्या संकेतस्थळावर अजून आहे. आमच्या नळाला दर आठव्या दिवशी पाणी येतं.