निळसर प्लेटवरची वाढ

“मागच्या बारीला तपासणीत काहीच न्हाई निघालं म्हणं. मंग दुखून काहून राहिलं?”

नमुने घ्यायच्या खिडकीपाशी एक सासू रांगेतल्या ओळखीच्या बाईला विचारत होती. ती बाई हसली. “शेतात हळदीचं काम आलं का बराबर दुखतंय बघा सूनबाईचं.”

सून तिथंच होती, लघवीची डबी पदराआड धरून. सासू-सून कुरुंद्याहून आल्या होत्या. डबी घेताना मी तिला हळूच विचारलं, पाणी किती पिता?

“शेतात आडोसा न्हाई ताई. दिवसभर पीतच न्हाई.”

हिंगोलीतल्या आमच्या लॅबमध्ये लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, मॅकॉन्की या गुलाबी माध्यमावर लावतात. लॅब चालवणाऱ्या सरांची ही जुनी पद्धत, आणि ती चुकीची नाही. या दुखण्याचे बहुतेक जंतू त्यावर छान वाढतात. पण काही जंतू त्यावर उगवतच नाहीत. म्हणून मी सरांना विचारून प्रत्येक नमुना सीएलईडी नावाच्या निळसर माध्यमावरही लावायला सुरुवात केली होती. या सुनेचा पहिला नमुना त्याआधीच येऊन गेला होता. “कर तुझी तुलना,” सर म्हणाले होते, “रिपोर्ट मात्र मॅकॉन्कीवरच जाईल.” बहुतेक वेळा दोन्ही प्लेटी एकच सांगायच्या. तेही मला आवडायचं.

दुसऱ्या दिवशी तिची मॅकॉन्कीची प्लेट कोरी निघाली. निळसर प्लेटवर मात्र नमुना ओढलेल्या रेघांवरून बारीक पिवळट ठिपके दाट उगवले होते, सगळे एकसारखे. सूक्ष्मदर्शकाखाली गोल जंतूंचे घोस दिसले. लघवीत पू-पेशी तर कालच दिसल्या होत्या. मला प्लेटीबद्दल शंका नव्हती. माझी अडचण वेगळीच असते. लॅबचं सगळं इंग्रजीत शिकल्यामुळे वाक्य डोक्यात आधी इंग्रजीत तयार होतं. त्याचं मराठी होईपर्यंत समोरचा माणूस पुढच्या कामाला लागलेला असतो.

सरांनी ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट सहीसाठी पुढे ओढला. बाहेर बाकावर सासू-सून त्याचीच वाट बघत होत्या. तो हातात पडला की सून कायमची कामचुकार ठरणार होती, आणि औषधाविना राहणार होती. मी दोन्ही प्लेटी रिपोर्टवरच ठेवल्या.

“कातडीवरचे असतील,” सर निळसर प्लेट उजेडात धरून म्हणाले. “डबी नीट धरली नसेल तिनं. आणि तुला काय, प्लेटवर काही उगवलं की सण.”

मी प्लेट त्यांच्या हातातून परत घेतली.

“सर, नमुना खराब असता तर सरमिसळ उगवली असती. इथं एकच जंतू आहे, भरपूर आहे, आणि पू-पेशीही आहेत. मॅकॉन्कीवर वाढ नाही, एवढंच आपल्याला म्हणता येईल. सही थांबवा. कोणतं औषध लागू पडतं ते बघायला मी याला औषधांच्या चकत्या लावते, आणि त्याआधी बाहेर जाऊन तिच्या सासूला सांगते की जंतू सापडलाय.”